गुलामी १८६५ ला संपली, मग पुढची शंभर वर्षं लढाई कसली? अमेरिकेतल्या वंशसमतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत गुलामी कधी संपली, असं विचारलं की स्पर्धा परीक्षेची मुलं पटकन '१८६५' म्हणतात. गुण मिळतात आणि विषय मिटतो. पण ज्यांना थोडं कुतूहल असतं ते लगेच पुढचं विचारतात. १८६५ ला सगळे मोकळे झाले, तर १९५५ साली बसमधल्या बाकावरून एवढं रान का पेटलं? लेकाकडे अटलांटाला सहा महिने राहून आलेल्या काकांपासून पेपर लिहिणाऱ्या मुलींपर्यंत अनेकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला माझा इलाज नाही.

लिंकननी १८६३ सालीच गुलामांना मुक्त केलं होतं ना?

१ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा हा उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या यादवी युद्धातला हुकूम होता. दक्षिणेतली जी राज्यं देशातून फुटून निघाली होती, फक्त तिथल्या गुलामांना तो लागू होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही राज्यं गुलामी पाळूनही लिंकनच्या बाजूने राहिली होती. तिथल्या गुलामांना त्या कागदाने काहीच मिळालं नाही. फुटलेल्या राज्यांतही उत्तरेची फौज जिथवर पोचली तिथवरच मुक्ती पोचली. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात जनरल ग्रेंजरने तो हुकूम जाहीर केला तो १९ जून १८६५ रोजी, म्हणजे अडीच वर्षांनी. 'जूनटीन्थ' हा सण त्या दिवसाचा. त्याला देशभराची सरकारी सुट्टी मिळायला २०२१ साल उजाडलं.

कायमचा बंदोबस्त केला तो डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. सुमारे ४० लाख माणसं कायद्याने मोकळी झाली. त्या दुरुस्तीत एक अपवाद मात्र ठेवला होता: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

जाता जाता एक गंमत. मिसिसिपी राज्याच्या विधिमंडळाने या दुरुस्तीला संमती दिली ती १९९५ साली. मग तिचे कागद वॉशिंग्टनला धाडायचे राहून गेले, ते २०१३ साली पोचले. कायद्याने त्याने काही अडलं नव्हतं, पण राज्याचा उत्साह तेवढा कळतो.

सुटका झालेल्यांना नुकसानभरपाई मिळाली का?

भरपाई दिली गेली, पण मालकांना. १८६२ साली वॉशिंग्टन शहरात गुलामी बंद केली तेव्हा मालकाला दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम ठरली. सुटलेल्या माणसासाठीही तरतूद होती, पण ती त्याने देश सोडून जायचं कबूल केलं तर, आणि तीही जास्तीत जास्त १०० डॉलर. ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींतली गुलामी संपवली तेव्हाही २ कोटी पौंड गेले ते मालकांच्याच खिशात.

मागितलं काय होतं, ते मात्र नोंदलेलं आहे. जानेवारी १८६५ मध्ये सॅव्हाना शहरात उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना भेटले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर नावाचे ६७ वर्षांचे गृहस्थ बोलले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की आम्हाला जमीन द्या, आम्ही ती स्वतः कसू आणि आमचं आम्ही बघू. चारच दिवसांत शर्मननी किनाऱ्यालगतची सुमारे ४ लाख एकर जमीन ४०-४० एकरांच्या तुकड्यांत वाटायचा हुकूम काढला. हजारो कुटुंबं तिथे राहायला गेली, नांगरटी झाल्या. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले, आणि वर्ष सरायच्या आत बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांकडे परत गेली.

माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांची किल्ली या एका निर्णयात आहे. कूळकायद्याआधीचं कोकण ज्यांनी घरात ऐकलं आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

मग लोक जगले कशावर?

बटईच्या शेतीवर. जमीन मालकाची, बियाणं-अवजार मालकाकडून उसनं, घाम कुळाचा, आणि कापूस आला की अर्धा-अर्धा. ऐकायला ठीक वाटतं. पण वर्षभराचं पीठ, मीठ, कापड मालकाच्याच दुकानातून उधारीवर आणायचं, भाव तो लावणार, व्याज तो ठरवणार, वहीही तोच लिहिणार. वर्षअखेरीस हिशेबाला बसलं की कूळ देणं लागतंच. देणं फिटेपर्यंत सोडून जायचं नाही. आपल्याकडच्या सालगड्याची आणि सावकाराच्या वहीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तर फक्त गावांची नावं बदला.

शिवाय १८६५ सालीच दक्षिणेतल्या राज्यांनी खास नियम केले. मिसिसिपीत प्रत्येक कृष्णवर्णीयाने दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवायचा. नसेल तर तो 'भटक्या', त्याला दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे मजुरी. पुढे राज्यांनी कैदीच खाणींना, रेल्वेला आणि मळ्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. मघाचा अपवाद आठवा: शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी घटनेलाच चालत होती. विकत घेतलेला गुलाम मेला तर मालकाचं नुकसान व्हायचं, भाड्याचा कैदी मेला तर दुसरा यायचा. अलाबामाने ही पद्धत बंद केली १९२८ साली.

पण मतदानाचा हक्क लगेच मिळाला होता, असं वाचलं आहे.

बरोबर वाचलं आहे, आणि हा भाग पाठ्यपुस्तकांत फार थोडा येतो. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं, पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) पुरुषांच्या मताला वंशाची अट लावायला बंदी केली. १८७० सालीच मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये गेले. साउथ कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात काही काळ कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं. या सरकारांनी दक्षिणेत प्रथमच सर्वांसाठी सरकारी शाळा काढल्या. त्यांचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला.

मोडलं ते बंदुकीने आणि न्यायालयाने, हातात हात घालून. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कचेरीला वेढा घातला. डझनावारी कृष्णवर्णीय मारले गेले, त्यांतले बरेच शरण आल्यानंतर. मोजक्या आरोपींवर खटला उभा राहिला, आणि १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने तोही मोडीत काढला. न्यायालयाचं म्हणणं असं, की चौदावी दुरुस्ती राज्याला रोखते, खाजगी माणसांच्या झुंडीला नाही. पुढल्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा सौदा झाला आणि दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उरलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. त्यांना हे माहीत नव्हतं का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण साल जुळतं. 'गुलामगिरी' १८७३ चं आणि कोलफॅक्सही १८७३ चंच. अर्पणपत्रिकेत जोतीरावांनी गुलामीमुक्तीसाठी निरपेक्षपणे झिजलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांची स्तुती केली, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं अशी इच्छा मांडली. म्हणजे पत्ता अमेरिकेचा असला तरी पत्र पुण्यासाठी होतं.

त्या वेळी पुण्यातून पाहिलं तर चित्र आशेचंच दिसणार. पाच वर्षांत तीन घटनादुरुस्त्या, काल गुलाम असलेला माणूस आज आमदार. जोतीराव भाबडे होते असं मला वाटत नाही. नुसत्या कायद्याने माणूस सुटतो यावर ते कधीच विसंबले नाहीत. १८४८ साली ते शाळेपासून सुरू झाले होते आणि १८८२ साली हंटर आयोगापुढेही प्राथमिक शिक्षणच मागत होते. तिकडे सुटलेल्या माणसांनीही पहिली धाव घेतली ती शाळेकडेच. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. ती बंदी उठल्यावर आजी आणि नात एका बाकावर बसून अक्षरं गिरवत होत्या. अर्पणपत्रिकेतलं खरं नातं मला तिथे दिसतं.

'जिम क्रो' कोण होता?

कुणी नाही. १८३० च्या सुमारास टॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारं नाचगाणं करायचा, त्यातल्या पात्राचं हे नाव. पुढे वेगळे डबे, वेगळे नळ, वेगळी दारं, वेगळ्या शाळा यांच्या सगळ्या कायद्यांनाच ते चिकटलं.

'वेगळे पण समान' हे तत्त्व आलं कुठून?

रेल्वेच्या डब्यातून. लुइझियानाने १८९० साली वेगळ्या डब्यांचा कायदा केला. न्यू ऑर्लिन्समधल्या काही नागरिकांनी समिती नेमून तो मुद्दाम मोडायचं ठरवलं. माणूस निवडला होमर प्लेसी, पेशाने चांभार, दिसायला जवळजवळ गोरा. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच कृष्णवर्णीय. रेल्वे कंपनीला आधी कल्पना दिलेली होती, आणि कंपनीचीही फारशी हरकत नव्हती, कारण जादा डबे ओढायचा खर्च तिच्याच माथी होता. ७ जून १८९२ रोजी प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला, आपण कोण ते सांगितलं आणि ठरल्याप्रमाणे अटक करून घेतली.

१८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. सोय समान असेल तर वेगळं बसवण्यात अपमान नाही, वाटत असेल तर तो तुमच्या मनाचा खेळ, असा त्याचा सूर. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांचं, आणि तेही पूर्वी गुलाम बाळगणाऱ्या घरातले. प्लेसीने गुन्हा कबूल करून २५ डॉलर दंड भरला. राज्याने त्याला माफी दिली ती जानेवारी २०२२ मध्ये. तोवर त्याला जाऊन शतक होत आलं होतं.

मताचा हक्क तर घटनेतच होता. तो काढला कसा?

वंशाचा शब्दही न काढता. मिसिसिपीने १८९० च्या नव्या राज्यघटनेत मत देण्यासाठी डोईपट्टी आणली, आणि मतदाराला घटनेचा उतारा वाचता किंवा त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे अशी अट घातली. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार गोरा कारकून. पण मग निरक्षर गोऱ्यांचं काय? त्यासाठी लुइझियानाने १८९८ साली आजोबांना बोलावलं: १८६७ च्या आरंभी ज्याचा बाप किंवा आजा मतदार होता, त्याला परीक्षा माफ. तेव्हा कृष्णवर्णीयांना तिथे मतच नव्हतं, त्यामुळे चाळणी चोख बसली. त्या राज्यात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० साली ५,३२० उरले, १९०४ साली १,३४२.

आजोबा-कलम न्यायालयाने १९१५ साली रद्द केलं, बाकीच्या युक्त्या आणखी पन्नास वर्षं टिकल्या.

झुंडबळींविरुद्ध कुणी बोललं नाही का?

आयडा बी. वेल्स बोलल्या, एकट्या आणि मोठ्याने. मेम्फिस शहरात १८९२ साली त्यांच्या ओळखीच्या तीन कृष्णवर्णीयांना जमावाने ठार केलं. त्यांचं किराणा दुकान चांगलं चालत होतं आणि समोरच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत खुपत होतं. 'गोऱ्या बाईची अब्रू' हे नेहमीचं कारण इथे नव्हतंच. वेल्स यांनी एकेक प्रकरण तपासून, तारखा-नावं लावून लिहायला घेतलं आणि ते कारण बहुतेक वेळा बनावट असतं हे दाखवलं. जमावाने त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी फोडली. त्या बाहेरगावी होत्या म्हणून वाचल्या.

झुंडबळी हा केंद्रीय गुन्हा ठरवणारी विधेयकं विसाव्या शतकभर येत-पडत राहिली. कायदा झाला मार्च २०२२ मध्ये, आणि त्याला नाव दिलं १९५५ साली मिसिसिपीत मारल्या गेलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिलचं.

लोक दक्षिण सोडून गेले का नाहीत?

गेले की. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख लोक शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क आणि पुढे पश्चिमेकडे गेले. तिथे मत मिळालं, कारखान्यात पगार मिळाला. घर मात्र ठरावीक वस्तीतच. १९३० च्या दशकात केंद्राच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल. लाल म्हणजे धोक्याचं कर्ज. दाराला पाटी नव्हती, बँकेत होती.

'वेगळे पण समान' मोडलं कसं?

बऱ्याच वर्षांच्या वकिलीने. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि त्यांचे विद्यार्थी थर्गुड मार्शल यांनी थेट भिंतीला धडक दिली नाही. आधी 'समान' या शब्दालाच धरलं. कायद्याचं महाविद्यालय गोऱ्यांसाठी आहे, आमच्यासाठी दाखवा. राज्यांना ते परवडेना. अशा एकेका निकालावर पाय देत १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

त्या निकालात पाच खटले एकत्र होते. त्यांतला व्हर्जिनियातला खटला उभा राहिला तो १९५१ साली बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीने गळक्या, कोंदट शाळेविरुद्ध घडवलेल्या संपामुळे. निकाल लागला, तरी एकत्र शाळा नकोत म्हणून त्या परगण्याने १९५९ साली सरकारी शाळांनाच कुलूप घातलं, ते १९६४ पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. बाकीच्यांची पाच वर्षं गेली.

बसमध्ये गोऱ्या प्रवाशाला जागा द्यायला रोझा पार्क्स उठल्या नाहीत, त्या थकल्या होत्या म्हणून, हे खरं का?

दमलेल्या शिवणकामवाल्या बाईची ही गोष्ट गोड आहे, आणि तिने त्यांचं सगळं काम झाकलं. पार्क्स मॉन्टगोमेरीत नागरी हक्कांच्या मोठ्या संघटनेच्या शाखेच्या सचिव होत्या आणि बरीच वर्षं अत्याचाराच्या तक्रारी नोंदवत होत्या. त्यांच्या आधी, मार्च १९५५ मध्ये, क्लॉडेट कोल्व्हिन ही १५ वर्षांची मुलगी तशीच उठायला नकार देऊन अटकेत गेली होती.

१ डिसेंबरला पार्क्सना अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महाविद्यालयाच्या यंत्रावर बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रकं काढली. मार्टिन लूथर किंग त्यानंतर आले, वय २६. लोकांना नवल वाटतं ते पहिल्या मागणीचं: वेगळी आसनं असली तर असू द्या, निदान आधी येऊन बसलेल्याला उठवू नका, एवढीच ती होती. ती नाकारल्यावर मागणी वाढली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका मैलोन् मैल चालत गेल्या, किंवा चर्चने जुळवलेल्या मोटारींतून. काही गोऱ्या मालकिणी कामवालीला स्वतः आणायला-सोडायला जाऊ लागल्या, कारण घर अडत होतं. शेवटी ज्या खटल्याने बसचा कायदा पाडला त्यात चार बायका वादी होत्या. कोल्व्हिन होती, पार्क्स नव्हत्या.

मोठे कायदे नेमके कोणते?

तीन. १९६४ चा: हॉटेल, दुकान, नोकरी यांतला भेद बंद. ६ ऑगस्ट १९६५ चा: मतदानाचा. त्याच्याआधी मार्चमध्ये सेल्मा गावच्या पुलावर मोर्चावर झालेला लाठीमार देशाने दूरदर्शन संचावर पाहिला होता. आणि एप्रिल १९६८ चा घरांबाबतचा, किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. यांत मला १९६५ चा सर्वांत धारदार वाटतो, कारण त्याने नोंदणीसाठी केंद्राची माणसं पाठवली आणि ठरावीक राज्यांना नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायला लावली. मिसिसिपीत १९६४ साली पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात टक्के मतदार होते, तीन-चार वर्षांत ते साठ टक्क्यांच्या आसपास गेले. त्याच राज्यात फॅनी लू हेमर १९६२ साली नाव नोंदवायला गेल्या, म्हणून १८ वर्षं ज्या मळ्यावर राबल्या तिथून त्यांना घालवून दिलं होतं.

परवानगीची ती अट कोणत्या राज्यांना लावायची हे ज्या सूत्रावर ठरत होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काढून टाकलं.

याच्याशी आपला काय संबंध?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे मी हटकून सांगतो. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना 'गोरे' मानायला नकार दिला आणि भारतीयांचं नागरिकत्व बंद झालं. १९४६ साली दार किलकिलं झालं: वर्षाला १०० माणसं. ते खऱ्या अर्थाने उघडलं ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो त्याच लढ्याच्या लाटेवर आला. आज न्यू जर्सीत गणपती बसतो त्यामागे सेल्माच्या पुलावरचं रक्त आहे, हे बोलताना थोडं लक्षात असावं.

इकडची टोकंही आहेत. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. किंग १९५९ साली भारतात आले तेव्हा मुंबईच्या मणिभवनात राहिले. आणि १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली ती अमेरिकेत ओकलंडला निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर' पक्षाचं नाव घेऊन.

ते 'शिक्षा म्हणून' वालं वाक्य घटनेत अजून आहे का?

आहे. राज्यांनी आपापल्या घटनांतून ते काढायला सुरुवात केली आहे: २०१८ साली कोलोरॅडो, २०२० साली नेब्रास्का आणि युटा, २०२२ साली अलाबामा धरून चार. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे तुरुंगातली सक्तीची मजुरी बंद करायचा प्रस्ताव आला, तो पडला. केंद्राच्या तेराव्या दुरुस्तीत ते १८६५ सालच्याच शब्दांत उभं आहे.